टायगर लीपिंग गॉर्ज: तिकीट ४५ युआनचं, दिवस किती युआनचा?

चीनच्या युन्नान प्रांतातल्या टायगर लीपिंग गॉर्जचं तिकीट आहे ४५ युआन, म्हणजे सहाशे रुपयांच्या आत. आधी ते ६५ होतं. सरकारी मालकीच्या निसर्गस्थळांची तिकिटं उतरवायचं धोरण चीनने २०१८ मध्ये राबवलं, तेव्हा इथलं तिकीट वीस युआनने खाली आलं. तरीही लिजियांगहून सकाळी निघून संध्याकाळी परतलेली माणसं हिशेबाला बसतात, तेव्हा कुणाचे दोनशे युआन गेलेले असतात, तर कुणाचे सातशे. दरी तीच, नदीही तीच. दरीचा कोणता टप्पा बघायचा हे घरून ठरवून निघालेला माणूस कमी खर्चात जास्त बघतो. बाकीच्यांचं ठरवायचं काम गाडीवाला किंवा गाइड करतो, आणि तो ते आपल्या सोयीने करतो.

खालचे रुपये एका युआनला १३ या दराने काढले आहेत. बँकेचा दर थोडा कमी असू शकेल, पण परदेशात हिशेब वरचाच ठेवावा. बस, भाड्याची गाडी आणि जेवण यांचे दर हंगामाप्रमाणे हलतात, म्हणून तिथे अंदाज दिला आहे.

जागा काय आहे

तिबेटच्या पठारावरून दक्षिणेकडे येणारी जिनशा नदी, म्हणजे यांगत्सेचाच वरचा प्रवाह, शिगू गावापाशी एकाएकी वळते आणि उत्तरेची वाट धरते. पुढे तिच्या एका अंगाला ५,५९६ मीटर उंचीचा जेड ड्रॅगन आणि दुसऱ्या अंगाला ५,३९६ मीटरचा हाबा असे दोन हिमपर्वत आहेत. त्यांच्या मधून पंधरा-सोळा किलोमीटर ती जी घुसळत जाते, ती ही दरी. पाण्यापासून शिखरापर्यंतचा चढ ३,७०० मीटरहून जास्त भरतो. कळसूबाईच्या माथ्यावर आपण ज्या उंचीवर उभे असतो, जवळपास त्या उंचीवर इथे तळाची नदी वाहते आणि डोंगर तिथून पुढे सुरू होतात. सर्वात चिंचोळ्या जागी पात्र जेमतेम तीस मीटरचं आहे. शिकारी मागे लागलेल्या वाघाने पाण्यातल्या खडकावर पाय देऊन इथूनच पलीकडे झेप घेतली, अशी कथा सांगतात.

२००३ मध्ये ‘तीन समांतर नद्या’ या संरक्षित क्षेत्राचा भाग म्हणून दरी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. त्यानंतर थोड्याच काळात इथे मोठं धरण बांधण्याचा बेत पुढे आला. वरच्या खोऱ्यातली भातशेती आणि गावं पाण्याखाली जाणार, लाखभर माणसं उठणार, म्हणून शेतकरी आणि पर्यावरणवाले दोघेही विरोधात उभे राहिले. अखेर २००७ च्या शेवटी सरकारने बेत गुंडाळला. तो पुरा झाला असता तर हा लेख लिहायचं कारणच उरलं नसतं.

लिजियांगहून जाणं-येणं

मुक्काम लिजियांगला करायचा. कुनमिंगहून वेगवान गाडीने साडेतीन तासांच्या आसपास लागतात आणि दुसऱ्या वर्गाचं तिकीट सव्वादोनशे युआनच्या घरात असतं. रेल्वेचं अधिकृत १२३०६ हे ॲप इंग्रजीत चालतं, आरक्षण पंधरा दिवस आधी उघडतं आणि तिकीट पासपोर्टच्या नंबरावर निघतं. लिजियांगहून शांग्री-लाला २०२३ च्या नोव्हेंबरपासून रेल्वे धावते आणि दरीच्या तोंडाशी झुलत्या पुलावरून जिनशा ओलांडते. पण खिडकीतून दरी दिसेल म्हणून तिचं तिकीट काढू नका. या मार्गाचा बराच भाग बोगद्यातून जातो. एका दिवसाच्या सहलीसाठी रस्ताच बरा.

दरी लिजियांगपासून सुमारे साठ किलोमीटरवर आहे. एक्स्प्रेसवे झाल्यापासून गाडीने दीड तासात दरीच्या तोंडाशी, चिआओतोउ गावात पोचता येतं. लिजियांगच्या बसस्थानकावरून सकाळी बस सुटतात. चिआओतोउपर्यंत एका वेळचं भाडं ३० ते ५० युआन आणि थेट मधल्या टप्प्यापर्यंत साठच्या आसपास. तिकीट काढताना मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, झेरॉक्स चालत नाही. परतीच्या बस संध्याकाळपर्यंत चालत नाहीत, दुपार कलली की बंद होतात. त्यामुळे उतरल्या उतरल्या आधी परतीची वेळ विचारून तिकीट पक्कं करायचं, फोटो नंतर.

भाड्याची गाडी दिवसाला ४०० ते ७०० युआन घेते. चौघं असाल तर बस आणि गाडी यांत माणशी साठ-सत्तर युआनचाच फरक पडतो, शिवाय वेळ हातात राहतो. दोघांनाच ही चैन महाग पडते. गाडी ठरवताना तीन गोष्टी लिहून घ्यायच्या: दरीची कोणती बाजू, परत निघायची वेळ, आणि टोल व पार्किंग भाड्यात धरलं आहे की नाही. फोनमधलं भाषांतराचं ॲप उघडून चालकाला वाचून दाखवा आणि त्याच्या होकाराचा स्क्रीनशॉट ठेवा. संध्याकाळी वाद झाला तर हाच एक कागद.

वरचा टप्पा: दोन बाजू, दोन तिकीटघरं

बहुतेक सहली इथेच येतात आणि बहुतेक गोंधळही इथेच होतो. वाघाची उडी म्हणून जी जागा दाखवतात, तिथे नदीच्या दोन्ही काठांना प्रेक्षणस्थळं आहेत. एक काठ लिजियांग शहराच्या हद्दीत, दुसरा शांग्री-लाच्या. दोन्हींची प्रवेशद्वारं वेगळी, तिकिटं वेगळी आणि एकीकडचं तिकीट दुसरीकडे चालत नाही. नदी तीस मीटरची असली तरी पलीकडच्या काठावर पायी जायची सोय नाही.

शांग्री-लाच्या बाजूला मोटाररस्ता दरीच्या कड्यावरून जातो. गाडीतून उतरलं की लगेच जिने सुरू होतात, पाण्याच्या काठापर्यंत पाचशेहून जास्त पायऱ्या. उतरताना मजा वाटते, चढताना तीच माणसं दर तिसाव्या पायरीला कठड्याला टेकतात. पूर्वी इथे पालखीवाले असायचे, आता कड्याला लागून सरकते जिने आले आहेत. त्यांचं जाऊन-येऊन भाडं ७० युआनच्या घरात, म्हणजे दरीच्या तिकिटाहून जास्त. ते प्रवेशाच्या तिकिटात धरलेलं नसतं आणि बऱ्याच पॅकेजांतही नसतं. मध्यम मार्ग असा की पायऱ्यांनी खाली उतरा आणि वर येण्यापुरतं तिकीट घ्या. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर मात्र दोन्ही वेळचं घ्यावं. उतरताना गुडघ्यांवर जो भार येतो तो दुसऱ्या दिवशी कळतो.

लिजियांगच्या बाजूला जिने जवळजवळ नाहीत. प्रवेशद्वारापासून नदीच्या कडेकडेने, खडकात कोरलेल्या सपाट वाटेवरून काही किलोमीटर चालत जायचं आणि तसंच परत यायचं. डोक्यावर कडा आलेला, मध्ये छोटे बोगदे, खाली पाणी. सरकत्या जिन्याचा खर्च नाही, गर्दीही तुलनेने कमी. पण गाड्यांची वर्दळ शांग्री-लाच्या बाजूला जास्त, म्हणून चालक न विचारता तिकडेच नेतात. चालायची सवय असलेल्यांनी लिजियांगची बाजू मागून घ्यावी.

खाली पोचल्यावर काय दिसतं? पात्राच्या मधोमध एक भलामोठा खडक आहे आणि सगळी नदी त्याच्यावर आदळून दोन बाजूंनी फुटते. लाकडी फलाटावर उभं राहिलं तर शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि पाणी चढलेलं असेल तर चष्म्याच्या काचा दोन मिनिटांत तुषारांनी भरतात. पावसाळ्यात पाणी गढूळ तांबूस आणि भयंकर, हिवाळ्यात हिरवट आणि त्यामानाने शांत. मोबाइल मनगटाला बांधूनच बाहेर काढा. कठड्यापलीकडे हात लांबवून फोटो घेणाऱ्यांना तिथले रक्षक शिट्ट्या मारून हटवतात, आणि ते योग्यच आहे.

मधला टप्पा: पायवाटेचे पंधरा युआन

चिआओतोउच्या नाक्यावर तिकीट दाखवून रस्त्याने आणखी आत गेलं की टीना गेस्टहाउसपाशी मधला टप्पा येतो. इथे सरकारी जिने नाहीत, सरकते तर नाहीतच. खाली नदीपर्यंत ज्या वाटा जातात त्या स्थानिक कुटुंबांनी स्वतः कड्यातून खोदल्या, शिड्या ठोकल्या, साखळ्या लावल्या, आणि दर पावसाळ्यात वाहून गेलेलं तीच मंडळी पुन्हा बांधतात. त्यामुळे वाटेच्या सुरुवातीला टेबल टाकून बसलेल्या बाई माणशी साधारण १५ युआन मागतात. खाली एखाद्या खडकावर चढून फोटो घ्यायचा तर तिथला मालक वेगळे दहाएक युआन मागतो.

‘४५ दिले ना, आता हे कसले?’ असा वाद घालणारे पर्यटक इथे नेहमी दिसतात. माझं मत विचाराल तर हे पैसे मुकाट्याने द्यावेत. सरकारी तिकिटातून या वाटेवर काही होत नाही. तुम्ही ज्या साखळीला धरून उतरणार ती बसवणाऱ्याला हे पैसे मिळतात, आणि सगळ्या दिवसातला हाच सर्वात सरळ व्यवहार असतो. मात्र पैसे देण्याआधी एकदा विचारा की ही वाट कुठे निघते. काही वाटा उभ्या लोखंडी शिडीवर संपतात. तिथे मध्येच पाय लटपटले तर मागच्या रांगेतून परत फिरणं फार अवघड. उतरून चढून यायला अडीच-तीन तास धरा. लहान मुलं, चक्कर येणारे आणि नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेले यांनी वरूनच बघावं.

वरची पायवाट, पण अर्धीच

कड्याच्या वरून जाणारी पायवाट हीच या दरीची खरी ओळख. चिआओतोउहून ‘अठ्ठावीस वळणं’ चढून, टी हॉर्स आणि हाफवे ही गेस्टहाउसं घेत ती टीनापर्यंत जाते. वीसहून जास्त किलोमीटर, आणि शहाणी माणसं त्याला दोन दिवस देतात. एका दिवसात ती बसवू पाहणाऱ्याचं सगळं लक्ष घड्याळात राहतं.

अर्धी मात्र बसते. टीनापर्यंत बसने जायचं, तिथून छोट्या गाडीने वर हाफवे गेस्टहाउसला (माणशी पन्नास युआनच्या आसपास, गाडी भरली तर कमी), आणि तिथून पायी खाली टीनाला. दीड-दोन तासांची वाट, बहुतेक उतार. मध्ये एका धबधब्याचं पाणी थेट वाटेवरून वाहतं, तिथे बूट भिजणार हे धरूनच चला. या सगळ्या वेळात समोर जेड ड्रॅगनची उभी भिंत असते आणि नदी इतकी खाली की तिचा फक्त आवाज वर येतो. हाफवेच्या गच्चीवर बसून चहा घ्यायचा तर वीसएक युआन जातील. ते जाऊ द्यावेत.

प्राणवायूचे डबे आणि स्वस्त पॅकेज

लिजियांगच्या गल्ल्यांतून दरीची पॅकेजं विकणारे कोपऱ्याकोपऱ्यावर भेटतात. बस, गाइड, जेवण, सगळं मिळून दोनशे-अडीचशे युआन म्हणतात, कधी त्याहूनही कमी. हिशेब सोपा आहे. बसचं भाडं, ४५ चं तिकीट, जेवण आणि गाइडची मजुरी धरल्यावर जे पॅकेज कोणत्याही गणिताने परवडत नाही, त्याची वसुली वाटेतल्या दुकानांत होते. चांदीचे दागिने, जेड, चहा आणि जडीबुटी ही नेहमीची चार दुकानं. दरीवर दीड तास आणि दुकानांत तीन तास, अशी विभागणी झाली तर नवल नाही.

याविरुद्ध चीनमध्ये कायदा आहे. १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू झालेल्या पर्यटन कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे अवाजवी स्वस्त दराचं आमिष दाखवून सहल काढणं आणि ठरवून दुकानांत नेऊन त्यावर दलाली खाणं बेकायदा आहे. तसं झालं तर सहल संपल्यापासून ३० दिवसांच्या आत माल परत करून पैसे मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे, आणि ते पैसे आधी सहल कंपनीने भरायचे असतात. तक्रारीसाठी सरकारी हेल्पलाइन १२३४५, ग्राहक तक्रारींसाठी १२३१५. दोन्हीकडे चिनीत बोलावं लागतं, तेव्हा हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाला फोन लावून द्यायला सांगा. पावती, दुकानाच्या पाटीचा फोटो आणि पॅकेजचा तपशील जवळ ठेवा.

प्राणवायूच्या डब्यांची गोष्ट वेगळी. बसमध्ये गाइड उंचीवरच्या त्रासाबद्दल गंभीर चेहऱ्याने बोलू लागतो आणि मग डब्यांची पिशवी फिरते. जेड ड्रॅगनच्या केबल कारने ४,५०६ मीटरवर जाणार असाल तर डबा घेण्यात थोडा तरी अर्थ आहे. टायगर लीपिंग गॉर्जला जाताना मुळीच नाही. लिजियांग २,४०० मीटरवर आहे आणि दरीचं तोंड १,८०० मीटरच्या आसपास, म्हणजे त्या दिवशी तुम्ही चढत नाही, उतरता. लिजियांगमध्ये रात्री झोप लागली असेल तर दरीत श्वास लागणार नाही. लागला तर तो पायऱ्यांचा.

पैसे कसे द्यायचे

चीनमध्ये यूपीआय चालत नाही आणि कार्ड घासायचं यंत्र छोट्या दुकानात सापडत नाही. सगळा व्यवहार अलीपे किंवा वीचॅटच्या क्यूआर कोडवर. भारतातून निघण्यापूर्वीच अलीपे उतरवून पासपोर्टने ओळख पटवा आणि आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड त्याला जोडा. परदेशी कार्डावर २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलीपे शुल्क लावत नाही, त्यावरच्या व्यवहाराला ३ टक्के लावतं. शिवाय आपली बँक परकीय चलनाचं शुल्क घेते, अनेक कार्डांवर साडेतीन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ६०० युआनच्या गाडीभाड्यावर दोन्ही मिळून साडेपाचशे रुपये सहज जातात. ते टाळायचे तर गाडीभाडं रोखीने द्या.

रोख लागतेच, आणि त्याला आणखी एक कारण आहे. परदेशी कार्ड जोडलेल्या अलीपेतून दुकानदाराच्या कोडवर पैसे जातात, पण माणसाच्या खाजगी कोडवर बहुधा जात नाहीत. मधल्या टप्प्यावरच्या टेबलाशी आणि चालकांकडे नेमका तोच खाजगी कोड असतो. पाच, दहा आणि वीसच्या नोटांत दीडशे-दोनशे युआन प्रत्येकाच्या खिशात असू द्यावेत.

व्हॉट्सॲप आणि गुगल मॅप्स चीनच्या नेटवर चालत नाहीत, पण भारतीय सिमच्या रोमिंगवर बहुधा चालतात. घरच्यांशी संपर्क ठेवायचा असेल तर थोड्या दिवसांचा रोमिंग पॅक स्थानिक सिमपेक्षा सोयीचा पडतो.

खाणं

चिआओतोउ आणि टीना, दोन्हीकडे साधी खानावळ मिळते. भात, अंडं-टोमॅटो, परतलेल्या भाज्या, टोफू, माणशी ३० ते ६० युआन. शाकाहाऱ्यांची अडचण भाजी मिळण्याची नसते. भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असते आणि तांदळाच्या शेवया मांसाच्या रश्श्यात बुडालेल्या असतात, ही खरी अडचण. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. ‘प्राण्याची चरबी नको, मांसाचा रस्सा नको, वनस्पती तेलात करा’ ही तीन वाक्यं चिनीत लिहून फोनवर ठेवा. लिजियांगमध्ये जिदौ लियांगफेन नावाचा पदार्थ मिळतो. डाळीच्या पिठाच्या वड्या, गार किंवा तव्यावर परतलेल्या, वर व्हिनेगर आणि लाल तिखट. आपल्या जिभेला जमतो आणि दहा-पंधरा युआनमध्ये पोट भरतं. जैनांनी आणि कडक उपासवाल्यांनी मात्र थालीपीठ, खाकरा, चिवडा बरोबर न्यावा आणि तिथे फक्त गरम पाणी मागावं. ते चीनमध्ये कुठेही फुकट मिळतं.

व्हिसा आणि वेळ

मुंबईहून फक्त या दरीसाठी कुणी जाणार नाही, तेव्हा विमानभाडं सगळ्या दौऱ्याच्या खात्यात टाका. भारतीय पासपोर्टला चीनचा व्हिसा आधीच घ्यावा लागतो. व्हिसामुक्त प्रवेशाची किंवा २४० तासांच्या ट्रान्झिटची सवलत आपल्याला नाही. २६ ऑक्टोबर २०२५ पासून कोलकाता-ग्वांगझू थेट विमान पुन्हा सुरू झालं, एरवी बँकॉक, हाँगकाँग किंवा सिंगापूरमार्गे कुनमिंग गाठता येतं.

अमेरिकी पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींना २४० तासांची सवलत मिळते, पण तिच्यात एक मेख आहे. युन्नानमध्ये ती ठरावीक नऊ विभागांपुरती आहे. लिजियांग त्यात येतं, शांग्री-ला ज्यात आहे तो दीछिंग विभाग येत नाही. म्हणजे वरच्या टप्प्याची लिजियांगची बाजू त्यांना मोकळी, आणि पलीकडचा काठ, सरकते जिने, टीना, हाफवे हे सगळं हद्दीबाहेर. चालक म्हणेल कुणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर त्याला द्यावं लागणार नाही, तुम्हाला द्यावं लागेल.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर हे चांगले दिवस. जून ते सप्टेंबर पाऊस, दरडी कोसळतात आणि वाटा अचानक बंद होतात. या काळात आगाऊ पैसे भरायचे असतील तर रद्द केल्यास परत मिळणार का, हे आधी विचारा. १ ते ७ ऑक्टोबर, मे महिन्याचे पहिले दिवस आणि चिनी नववर्ष या सुट्ट्यांत गाडीभाडं आणि खोल्या दुप्पट होतात आणि जिन्याला रांग लागते. ज्येष्ठ, विद्यार्थी आणि लहान मुलांना अनेक ठिकाणी सवलत असते, ती परदेशी माणसाला लागू होते का हे तिकीट काढण्यापूर्वी पासपोर्ट पुढे करून विचारावं. आपण होऊन कुणी सांगत नाही. प्रवासविम्यात डोंगरातली पायवाट धरली आहे का, तेही घरूनच वाचून निघा.

हिशेब

एकटा माणूस, बसने, शांग्री-लाच्या बाजूचा वरचा टप्पा: बस जाऊन-येऊन ८०, गावातून कड्यापर्यंतची व्हॅन दोन्ही वेळची ३०, तिकीट ४५, सरकते जिने ७०, जेवण ५०. एकूण २७५ युआन, म्हणजे ३,५७५ रुपये. पायऱ्या चढून आलात तर २,६६५.

चौघांचं कुटुंब, भाड्याची गाडी: गाडी ६००, तिकिटं १८०, जिने २८०, जेवण २४०. एकूण १,३०० युआन, १६,९०० रुपये, माणशी सव्वाचार हजारांच्या जरा आत.

चालणारा माणूस, हाफवे ते टीना: बस ११०, तिकीट ४५, वर जायची गाडी ५०, जेवण-चहा ५०. एकूण २५५ युआन, ३,३१५ रुपये.

आई-वडील बरोबर असतील तर दुसरा हिशेब धरा आणि जिन्याच्या पैशाचा विचार करू नका. पाय धड असतील तर मात्र तिसरा. तो पहिल्यापेक्षा स्वस्त आहे, त्यात रांग नाही, दुकान नाही आणि दरी निम्मा दिवस समोर असते. वरच्या टप्प्याच्या फलाटावर गर्दीतून वीस मिनिटं मिळाली तरी पुष्कळ.